कार्डावरचा ‘फ्री इन्शुरन्स’ आणि भाड्याची गाडी

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा एसटीत बसल्यावर हेडफोन घरी राहिल्याचं लक्षात येतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना शंभर वेळा आलेलं ‘म्हणजे कसं की’ काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच.

विषय तुम्हीच दिलाय. दिवाळी, लग्नसराई, शेगावचं दर्शन, असं काही जवळ आलं की एकाच प्रकारचे मेसेज सुरू होतात. त्यातला एक थोडा छोटा करून वाचतो: “भाऊ, पुण्याहून सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेऊन मेहकरला चाललोय. संभाजीनगरपासून समृद्धी. कंपनी डॅमेज कव्हरचे वेगळे पैसे मागते. पण एका रीलमध्ये ऐकलं की क्रेडिट कार्डानं पैसे भरले तर भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स फ्री मिळतो. मग ते कव्हर कॅन्सल करू ना?”

करू नको बावा. रील खोटी नसेल, पण ती अमेरिकेतल्या कार्डाबद्दल आहे आणि तू गाडी पुण्यात घेतोय.

आता नीट समजून घेऊ. गाडी ठोकली गेली की पैशाचे तीन वेगळे प्रश्न उभे राहतात. पहिला, त्या भाड्याच्या गाडीचं नुकसान कोण भरणार? दुसरा, समोरच्या माणसाचं किंवा त्याच्या गाडीचं नुकसान कोण भरणार? तिसरा, गाडी चालवणाऱ्याला म्हणजे तुम्हालाच काही झालं तर घरच्यांना कोण देणार? आपण हे तिन्ही एकाच ‘इन्शुरन्स आहे ना?’ या प्रश्नात कोंबतो, आणि काउंटरवरचा माणूसही ‘हो आहे ना’ म्हणून मोकळा होतो. कोणता आहे ते तोही सांगत नाही, आपणही विचारत नाही.

अमेरिकन कार्डाची सवलत फक्त पहिल्या प्रश्नाची आहे. तिकडे भाड्याची गाडी घेताना कंपनी ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ नावाची गोष्ट विकते. वेव्हर म्हणजे माफी. तुम्ही रोजचे काही डॉलर जास्त द्या, गाडीला काही झालं तर आम्ही तुमच्याकडून वसूल करणार नाही, असा हा करार. हा विमासुद्धा नाही, कंपनीनं दिलेलं वचन आहे. व्हिसाच्या सिग्नेचर, इन्फिनिट अशा वरच्या दर्जाच्या काही कार्डांवर बँक म्हणते की तू ती माफी विकत घेऊ नको, नुकसान झालं तर आम्ही बघू. रीलमधला ‘फ्री इन्शुरन्स’ तो हा.

पण त्याच्या अटी बघा. मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला त्या एका मोठ्या इफ-कंडिशनसारख्या दिसतात. मधे सगळीकडे ‘आणि’ आहे, ‘किंवा’ कुठंच नाही. पूर्ण भाडं त्याच कार्डानं भरलेलं पाहिजे, आणि काउंटरवर कंपनीचं वेव्हर नाकारलेलं पाहिजे, आणि चालवणाऱ्याचं नाव भाडेकरारात पाहिजे, आणि ठरलेल्या दिवसांच्या आतच गाडी परत पाहिजे. व्हिसाच्या अमेरिकन नियमांत हे साधारण आपल्या देशात १५ दिवस आणि परदेशात ३१ दिवस असं असतं. ट्रक, महागड्या स्पोर्ट्स गाड्या, जुन्या अँटिक गाड्या चालत नाहीत. काही देशही वगळलेले असतात. आयर्लंड, इस्रायल, जमैका ही नेहमीची नावं. एक जरी अट फॉल्स झाली तर पूर्ण उत्तर फॉल्स.

त्यातही प्रायमरी आणि सेकंडरी असा फरक आहे. प्रायमरी म्हणजे कार्डाचा विमा आधी पैसे देतो. सेकंडरी म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचा विमा असेल तर आधी तिथं क्लेम करा, मग उरलेलं आम्ही देऊ. तिकडे ज्याची स्वतःची गाडी आहे त्याला हा फरक दुखतो, कारण क्लेम केला की पुढच्या वर्षी हप्ता वाढू शकतो.

हे इतकं कशाला सांगतोय? कारण आपल्या जिल्ह्यातली चिखली, खामगाव, मलकापूरची कितीतरी पोरं आज तिकडे ऑनसाइट आहेत, आणि त्यांचे आईबाबा उन्हाळ्यात भेटायला जातात. अशा वेळी एक गोष्ट हमखास घडते. कार्ड पोराचं, करारात नाव पोराचं, आणि अर्ध्या रस्त्यात बाबा म्हणतात, “दे, थोडी मी चालवतो, तू झोप.” बाबांकडे बुलढाण्याच्या आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट असेल, त्याची एक वर्षाची मुदत चालूही असेल, तरी करारात ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर’ म्हणून नाव नसेल तर कार्डाचं कव्हर गेलं. आणि कंपनीच्या विकतच्या वेव्हरलाही बहुतेक हीच अट असते. काउंटरवर नाव वाढवायला दोन मिनिटं लागतात.

आणखी एक. तिकडेही कार्ड दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. समोरच्या माणसाला लागलं, त्याची गाडी चेपली, तर त्यासाठी लायबिलिटी कव्हर वेगळं घ्यावं लागतं. अमेरिकेत दवाखान्याचं बिल काय येतं हे तुम्ही ऐकलंच असेल. त्यामुळे ज्याची तिकडे स्वतःच्या गाडीची पॉलिसी नाही त्यानं, म्हणजे फिरायला गेलेल्या प्रत्येकानं, कार्डाच्या भरवशावर लायबिलिटी नाकारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि इथून नेलेलं भारतीय कार्ड तिकडे वापरत असाल तर ते वेव्हरसुद्धा घ्या.

आता घरी येऊ.

मी भारतीय क्रेडिट कार्डांचे जे जे कागद वाचले त्यात तीन गोष्टी परत परत सापडतात. विमान अपघातात मृत्यू झाला तर मोठी रक्कम, कार्ड हरवल्यावर झालेल्या फसवणुकीचं कव्हर, आणि रस्ता अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर काही लाख. भाड्याच्या गाडीला डेंट पडला तर देऊ, असं वाक्य मला सापडलं नाही. गाडीभाड्यावर ‘अमुक टक्के सूट’ मात्र सापडते, आणि घोळ तिथंच होतो. ‘कार रेंटल बेनिफिट’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, वाचणारा त्याला विमा समजतो. ती सूट आहे. कूपनसारखी.

मग पुण्यातल्या त्या गाडीला काय लागू आहे? यासाठी आधी नंबरप्लेट बघायची. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्यावर काळी म्हणजे टॅक्सी, ड्रायव्हरसकट मिळणारी. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं देण्याची परवानगी असलेली गाडी. इलेक्ट्रिक असेल तर हिरवी. खासगीवर पांढरी अक्षरं आणि व्यावसायिकवर पिवळी.

ही काळी प्लेट मिळवणं सोपं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ७५ खाली केंद्र सरकारनं १९८९ मध्ये ‘रेंट-अ-कॅब’ योजना आणली. तिच्यात परवान्यासाठी किमान ५० गाड्यांचा ताफा मागितलाय. आता विचार करा, आपल्या गावात स्टेटस टाकून ‘स्विफ्ट भाड्याने मिळेल, स्वतः चालवा, रोजचे इतके’ म्हणणाऱ्या भाऊकडे ५० गाड्या आहेत का? त्याच्याकडे एमएच २८ ची एक पांढऱ्या प्लेटची गाडी आहे, हप्ते चालू आहेत, आणि गाडी उभी राहण्यापेक्षा दोन पैसे मिळाले तर बरं, एवढाच त्याचा हिशेब आहे. माणूस वाईट नाही. पण खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा परिच्छेद असतो, आणि त्यात पहिलीच वगळलेली गोष्ट असते ‘भाडे किंवा मोबदल्यासाठी वापर’. तुम्ही त्याला ऑनलाइन पैसे पाठवलेत, खाली ‘कार रेंट’ असं लिहिलंत, आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला पुरावा तुम्हीच तयार करून दिला. मग गाडीच्या दुरुस्तीसाठी तो मालक कोणाकडे बघणार? तुमच्याकडेच.

समोरच्या जखमी माणसाचं कसं, हा प्रश्न वेगळा. थर्ड पार्टी विमा कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे, आणि पॉलिसीची अट मोडली म्हणून जखमीला वाऱ्यावर सोडू नये अशी कोर्टांची साधारण भूमिका राहिली आहे. अशा वेळी ‘पे अँड रिकव्हर’ असा आदेश होऊ शकतो, म्हणजे विमा कंपनीनं आधी द्यायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं. मालक ती रक्कम हसत हसत भरेल आणि तुम्हाला फोन करणार नाही, असं वाटतं का?

काळ्या प्लेटच्या किंवा मोठ्या अ‍ॅपवरून घेतलेल्या गाडीत मामला सरळ असतो, पण तिथंही ‘डॅमेज प्रोटेक्शन’ हा तुमच्यातला आणि कंपनीतला करार असतो. समजा त्यात लिहिलंय की नुकसानीत तुमचा वाटा जास्तीत जास्त १०,००० रुपये. ही मर्यादा कधी उडते ते वाचा. मी वाचलेल्या करारांत दारू, ठरलेल्यापेक्षा जास्त वेग, नाव नसलेला ड्रायव्हर, आणि पोलिसात न कळवणं ही कारणं होती. टायर, रिम, क्लच आणि गाडीचं पोट बऱ्याचदा कव्हरबाहेर असतं. गाडीचं पोट हा शब्द लक्षात ठेवा. समृद्धीवर पोटाला काही होत नाही, पण दुसरबीडला खाली उतरून मामाच्या शेतापर्यंत जायचं असेल तर होतं. आणि वेगाचं म्हणाल तर समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. गाडीत जीपीएस आहे, कंपनीची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असू शकते, आणि तिचा रेकॉर्ड तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे.

आता तिसरा प्रश्न. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि ह्याच्याबद्दल मेसेज एकही येत नाही.

भाड्याची गाडी चालवणाऱ्याला काही झालं तर? मालकाला स्वतःसाठी किमान १५ लाखांचं अपघात कव्हर घ्यावं लागतं, २०१८ पासून. पण त्याचं नाव बघा: ‘ओनर-ड्रायव्हर’. मालक असून चालवणारा. तुम्ही मालक नाही. आणि गाडी कंपनीच्या नावावर असेल तर हे कव्हर मुळात लागूच होत नाही, कारण कंपनी गाडी चालवत नाही. थर्ड पार्टीमध्येही तुम्ही बसत नाही, कारण चालवणारे तुम्हीच आहात.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल सांगतो. २००९ मध्ये निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स. कर्नाटकातला माणूस दुसऱ्याची मोटरसायकल घेऊन गावी चालला होता, पुढं लोखंडी पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी अचानक थांबली, हा धडकला आणि गेला. कोर्टानं म्हटलं, उसनी गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे त्याच गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही. २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात तेच. तिथं तर धडक दुसऱ्या मोटरसायकलनं दिली होती, पण वारसांनी दावा केला तो मृताच्या हातातल्या उसन्या गाडीच्या विम्यावर. शेवटी हाती आले पॉलिसीतल्या अपघात कव्हरचे १ लाख. समोरच्या गाडीवर दावा केला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. हे दोन्ही निकाल उसन्या गाडीचे आहेत, भाड्याच्या नाहीत. पण ‘चालवणारा थर्ड पार्टी आहे का?’ हा मुद्दा भाड्याच्या गाडीतही तसाच उभा राहू शकतो. ड्रायव्हरसकट पिवळ्या प्लेटची टॅक्सी केली तर तुम्ही प्रवासी असता, आणि प्रवाशाची बाजू कितीतरी भक्कम असते. घरातले म्हातारे लोक ‘ड्रायव्हर करून घे’ म्हणतात ते झोपेच्या काळजीनं. पण विम्याच्या बाजूनंही त्यांचंच बरोबर आहे.

आणि इथं, मंडळी, कार्ड खरंच कामाला येतं. फक्त ते बहुतेक क्रेडिट कार्ड नसतं.

तुमच्या आईच्या जनधन खात्याचं रुपे कार्ड कपाटात असेल. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या जनधन खात्याच्या रुपे कार्डावर २ लाखांचं अपघात कव्हर आहे, त्याआधीच्या खात्यांवर १ लाख. रुपे प्लॅटिनमवर साधारण २ लाख आणि सिलेक्टवर १० लाख. यात गाडी कोणाची होती हा प्रश्न येत नाही. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व अपघातानं आलं का एवढं बघतात. पण अट आहे. जनधनच्या कार्डावर अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत किमान एक यशस्वी व्यवहार झालेला पाहिजे. इतर रुपे कार्डांना ही मुदत कमी असते आणि नियम वर्षावर्षाला बदलतात, म्हणून बँकेच्या साइटवर चालू वर्षाचे बघा. फोनवरून यूपीआय केलं म्हणजे कार्ड वापरलं असं धरून चालू नका. एटीएममधून शंभर रुपये काढा, किंवा दुकानात मशीनवर कार्ड लावा. आपल्या पिढीचं कार्ड पाकिटात झोपलेलं असतं कारण सगळं क्यूआरवर चालतं, आणि नेमकी ती अट त्यामुळे मोडते.

दुसरी गोष्ट, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, २ लाखांचं अपघात कव्हर, वय १८ ते ७०, १ जून ते ३१ मे. हे पैसे खात्यातून आपोआप कटतात. कटण्याच्या वेळी खात्यात शिल्लक नसेल तर कव्हर बंद. मे महिन्यात पासबुक बघा.

आता खरी अडचण. ही रक्कम बँक स्वतःहून घरी आणून देत नाही. कोणीतरी शाखेत जाऊन मागावी लागते, एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला असे कागद जोडून, आणि मुदतीत. आणि मागणारा तो, ज्याला कव्हर आहे हेच माहीत नसतं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धीवर पेटली आणि २५ जण गेले. सरकारी मदत जाहीर झाली, ती बातम्यांत आली, सगळ्यांना कळली. पण गेलेल्या माणसाच्या पाकिटातल्या कार्डावर काय होतं हे कोणत्या बातमीत येत नाही. जळालेल्या पाकिटात कार्ड दिसतही नाही. ते घरच्यांना आधीच माहीत असावं लागतं.

म्हणून एक काम करा, हे वाचतानाच. फोनच्या नोट्समध्ये नाही, कारण तुमच्या फोनचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. वहीच्या पानावर लिहा: कोणत्या बँकेचं कोणतं कार्ड, सुरक्षा विमा चालू आहे की नाही, नॉमिनी कोण. कार्ड नंबर, पिन लिहायचा नाही, गरज नाही. ते पान आईला दाखवा आणि रेशनकार्ड ठेवलंय त्याच पिशवीत ठेवा. ती पिशवी प्रत्येक घरात कोणालाही सापडते. नॉमिनी म्हणून खात्यावर अजून वारलेल्या आजोबांचं नाव असेल, तर तेही बदलून घ्या.

एक शेवटचा प्रश्न खामगावच्या श्रोत्याचा: “मग भाड्याच्या गाडीला क्रेडिट कार्ड वापरायचंच नाही का?” वापरायचं. डिपॉझिटसाठी उत्तम. क्रेडिट कार्डावर कंपनी रक्कम नुसती अडवून ठेवू शकते, तुमच्या लिमिटमधून; डेबिट कार्डानं दिलं तर पगाराचेच पैसे जातात आणि परत येईपर्यंत वाट बघायची. आणि चुकीचं डॅमेज लावून पैसे कापले तर क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बिलाबद्दल तक्रार केली की बँकेनं ३० दिवसांच्या आत खुलासा आणि गरज असेल तिथं कागद द्यायचे असतात. नाही दिले तर आरबीआय लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. मात्र तिथं ‘मी डेंट पाडला नव्हता’ एवढं बोलून भागत नाही. गाडी घेताना आणि परत देताना चारही बाजू, रिम, काच, छत, मीटर आणि पेट्रोलचा काटा असा एकसलग व्हिडिओ काढा. रात्री काढत असाल तर टॉर्च लावून. काउंटरवरचा माणूस घाई करेल, करू द्या.

पुढच्या भागात आरोग्य विम्यातल्या वेटिंग पिरियडची भानगड. प्रश्न पाठवत राहा.